लॅपटॉपची रॅम पुढे वाढवता येणार नाही, हे विकतानाच सांगायला नको का?

प्रश्न : अक्षरजुळणी, सांगली

नमस्कार. माझा व्यवसाय छपाईसाठीच्या अक्षरजुळणीचा आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक आणि अधूनमधून एखादे पुस्तक, अशी कामे मी गेली एकोणीस वर्षे घरूनच करते. संगणकाशी माझा रोजचा संबंध असला, तरी त्याच्या आत काय असते याचे माझे ज्ञान बेताचेच आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारते आहे.

मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा, म्हणजे जुलै २०२४ मध्ये, तिच्यासाठी ५४,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. त्यात ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामांसाठी लागणारी तात्पुरती मेमरी, होती. तेच मॉडेल १६ जीबी रॅमसह ७,५०० रुपयांनी महाग होते आणि शुल्क, वसतिगृह, पुस्तके हे सगळे एकाच महिन्यात भरायचे असल्याने तेवढी जास्तीची रक्कम आमच्याकडे नव्हती. मी दुकानदाराला स्पष्टपणे विचारले होते, की पुढे गरज पडली तर रॅम वाढवता येईल का. "आता आठ घ्या, लागेल तेव्हा आणून द्या, अर्ध्या तासात वाढवून देतो," असे उत्तर मिळाले आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवूनच आम्ही कमी किमतीचे मॉडेल घेतले.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइल अॅप तयार करण्याच्या प्रकल्पासाठी तिला अँड्रॉइड स्टुडिओ वापरावा लागतो आणि दुसऱ्या एका विषयासाठी त्याच लॅपटॉपवर आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आतच चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात, लिनक्स ही प्रणाली चालवावी लागते. यांतले एक सुरू केले, की बाकीचे सगळे थांबते. म्हणून या महिन्यात लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेला. तेथील तंत्रज्ञाने खालचे झाकण काढून मला दाखवले, की रॅम बसवण्यासाठी त्यात स्लॉटच नाही. रॅमच्या चिपा मदरबोर्डवरच, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य बोर्डवरच, सोल्डर केलेल्या, म्हणजे डाख देऊन पक्क्या जोडलेल्या आहेत. रॅम वाढवायची असेल, तर संपूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल आणि त्याचा खर्च ३६,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२,४८० रुपये येईल, असे त्यांनी सांगितले. अठरा महिन्यांपूर्वी ५४,००० रुपयांना घेतलेल्या यंत्रावर आज ४२,४८० रुपये खर्च करणे आम्हाला शक्य नाही.

दुसरी अडचण माझ्या स्वतःच्या कामाच्या संगणकाची आहे. तो २०१७ सालचा असून त्यात सातव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर आहे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला स्वीकारत नाही. नवा संगणक जुळवून घ्यावा, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये मी एक दरपत्रक घेतले होते. त्यात डीडीआर५ प्रकारच्या १६ जीबी रॅमची किंमत ४,२०० रुपये होती. जानेवारी २०२६ मध्ये त्याच दुकानाने त्याच वस्तूसाठी १३,५०० रुपये सांगितले आणि हा भावही फक्त त्या दिवसापुरता आहे, असे दरपत्रकावरच लिहून दिले.

लॅपटॉपची रॅम वाढवण्याचा दुसरा काही मार्ग आहे का, भाव असे तिप्पट होण्यामागे खरोखर काही कारण आहे की अडलेल्या ग्राहकाला नाडले जात आहे, आणि दुकानदाराने दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल दाद मागता येते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर : दुरुस्ती कारागीर, पुणे

ताई, नमस्कार. मी बावीस वर्षे लॅपटॉप दुरुस्त करतो आहे. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आठवड्याला दोन-तीन तरी ग्राहक माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या बहुतेकांना विकताना हेच वाक्य ऐकवलेले असते.

सर्वप्रथम रॅमचा प्रकार पाहा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या विभागात मेमरीवर गेलात, की उजव्या बाजूला खाली फॉर्म फॅक्टर असे लिहिलेले दिसेल. तेथे एसओडिम असेल, तर रॅम स्लॉटमध्ये बसवलेली आहे आणि काढता येते. रो ऑफ चिप्स असेल, तर ती बोर्डवर सोल्डर केलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये अर्धी रॅम सोल्डर केलेली असते आणि शिवाय एक स्लॉट रिकामा असतो. तुमच्या सेवा केंद्राने झाकण काढून दाखवले आहे, त्यामुळे तुमच्याबाबतीत ती आशा बहुधा नाही. पण हा धागा वाचणाऱ्या इतरांनी दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, सुरू करून ठेवलेल्या नमुना लॅपटॉपवर एवढे पाहून घ्यावे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

रॅम सोल्डर करण्याला एक खरे तांत्रिक कारण आहे आणि ते नाकारणे योग्य होणार नाही. एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम कमी व्होल्टेजवर आणि फार वेगाने चालते. प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील वाट जितकी आखूड आणि सलग, तितके संकेत स्वच्छ पोचतात, आणि जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये ते साधत नाही. त्यामुळे बॅटरी जास्त चालते आणि लॅपटॉप पातळ होतो. फ्रेमवर्क ही अमेरिकन कंपनी ग्राहकाला स्वतः उघडता आणि दुरुस्त करता येतील असे लॅपटॉप बनवण्यासाठीच ओळखली जाते. पण २०२५ मध्ये तिने एक डेस्कटॉप आणला, तेव्हा त्यातील एएमडी प्रोसेसरच्या गरजेमुळे तिलाही रॅम सोल्डर करावी लागली आणि ती गोष्ट तिने उघडपणे सांगितली. मात्र हेही तितकेच खरे आहे, की साधी डीडीआर४ रॅम असलेले, मध्यम जाडीचे आणि स्लॉट सहज मावला असता असे कितीतरी लॅपटॉप मी उघडले आहेत, ज्यांत ८ जीबी सोल्डर करून विषय संपवलेला असतो. तेथे तांत्रिक नाइलाज मला दिसत नाही. ग्राहकाने एक तर सुरुवातीलाच महाग मॉडेल घ्यावे किंवा तीन वर्षांनी नवा लॅपटॉप घ्यावा, एवढाच त्याचा परिणाम होतो.

या अडचणीवर उपायही निघालेला आहे. एलपीकॅम२ नावाचा, स्क्रूने बसवायचा आणि बदलता येणारा रॅमचा प्रकार जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रमाणित केला आणि २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ या महागड्या मॉडेलमध्ये तो आला. पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपपर्यंत तो पोचलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता तुमच्या लॅपटॉपविषयी. जुन्या चिपा गरम हवेने उतरवून त्यांच्या जागी मोठ्या क्षमतेच्या चिपा बसवण्याचे काम पुण्यात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला करणारे लोक आहेत. पण नुसत्या चिपा बदलून भागत नाही. बोर्डवर रॅमची क्षमता ओळखण्यासाठी बसवलेले बारीक रेझिस्टर बदलावे लागतात आणि काही वेळा बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅमही बदलावा लागतो. चिपेखालचा डाखाचा एखादा बारीक गोळा नीट बसला नाही, तर चालू लॅपटॉप बंद पडतो आणि मग कोणतीही कंपनी त्याला हात लावत नाही. मी हे काम करतो, तरीही मुलीच्या अभ्यासाच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर ते करा, असा सल्ला मी देणार नाही. चिपांचे भावही सध्या चढलेले आहेत.

त्याऐवजी तिला पुढील गोष्टी करून पाहायला सांगा. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये सर्वाधिक रॅम खाणारा भाग म्हणजे पडद्यावर चालणारा आभासी मोबाइल. तो बंद ठेवावा आणि स्वतःचा खरा मोबाइल यूएसबी केबलने जोडून, त्यात डेव्हलपर पर्यायांतील यूएसबी डीबगिंग सुरू करून अॅप थेट त्यावर चालवावे. एवढ्याने दोन-तीन जीबी रॅम मोकळी होते. लिनक्स शिकण्यासाठी आभासी यंत्रात चित्रमय डेस्कटॉप बसवण्याची गरज नसते. फक्त आज्ञा टाइप करून चालणारे लिनक्स एक-दीड जीबीत नीट चालते. हे दोन बदल केले, तर ८ जीबीत दुसरे आणि तिसरे वर्ष निभावून जाईल, असे मला वाटते.

तुमच्या कामाच्या संगणकासाठी आत्ता नवा संगणक घेऊ नका. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा सुधारणा देऊ केल्या आहेत. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास त्यासाठी पैसे पडत नाहीत. अक्षरजुळणीच्या तुमच्या कामाला सातव्या पिढीचा आय-५ अजूनही पुरेसा आहे. रॅम कमी पडत असेल, तर तुमच्या बोर्डला बहुधा डीडीआर४ लागते आणि तिला स्लॉट आहेतच. जुन्या कार्यालयीन संगणकांतून निघालेली रॅम ओळखीच्या दुकानातून घ्या आणि बिल देण्यापूर्वी मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमने ती रात्रभर तपासून मागा.

उत्तर : मेमरी अभियंता, बेंगळुरू

मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली काही वर्षे मेमरीच्या चाचणीशी संबंधित क्षेत्रात काम करतो. भावाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण दुकानदारच लुटतो आहे अशी समजूत सगळीकडे दिसते आणि ती बहुतांशी चुकीची आहे.

जगातील डीरॅम चिपांचा, म्हणजे ज्यांपासून संगणकाची रॅम बनते त्या चिपांचा, बहुतेक सर्व पुरवठा तीन कंपन्यांच्या हातात आहे : दक्षिण कोरियातील सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतील मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी मोठी सर्व्हर केंद्रे उभी राहत आहेत, त्यांतील गणनाचिपांना एचबीएम नावाची मेमरी लागते. तीत डीरॅमचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. मायक्रॉनने स्वतः सांगितलेल्या प्रमाणानुसार तेवढ्याच क्षमतेची डीडीआर५ बनवायला, चिपा जिच्यावर घडवतात ती सिलिकॉनची चकती जितकी लागते, त्याच्या सुमारे तिप्पट चकती एचबीएमला लागते. चकत्या बनवणारे कारखाने मात्र तेच आहेत. त्यामुळे बनवलेल्या प्रत्येक एक जीबी एचबीएममागे तुमच्या-माझ्या संगणकातील रॅम सुमारे तीन जीबीने कमी होते. सर्व्हरच्या ग्राहकांकडून मिळणारा नफा जास्त असल्याने कंपन्यांनी कोणाला प्राधान्य दिले, हे उघड आहे. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशल हा व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. क्रुशलची रॅम आणि एसएसडी आपल्याकडे कितीतरी लोकांनी वापरलेली आहे. ग्राहकाच्या दृष्टीने २०२५ मधील ही सर्वांत वाईट बातमी आहे, असे मी म्हणेन, कारण भाव उद्या उतरला तरी तीनपैकी एक दार बंद झालेले राहील.

यात कराचा दोष नाही. लॅपटॉप, संगणक आणि रॅम यांवरील जीएसटी आधीही १८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ च्या दरकपातीनंतरही तेवढाच राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे रॅमवर मूळ सीमाशुल्कही लागत नाही. रुपयाची घसरण मात्र यात आहे. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली आणि रॅम तर डॉलरमध्येच विकत घेतली जाते.

अनेक जण विचारतात, की गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा कारखाना झाल्यावर रॅम स्वस्त होईल का. साणंदचा प्रकल्प चिपांची जुळणी, वेष्टन आणि चाचणी यांसाठी आहे. चकती तेथे तयार होत नाही. टंचाई चकतीची आहे, त्यामुळे भावावर त्याचा परिणाम होईल अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

अडलेल्या ग्राहकाला नाडले जात आहे का, या ताईंच्या शंकेलाही इतिहासाचा आधार आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९९९ ते २००२ या काळात डीरॅम कंपन्यांनी आपसांत संगनमत करून भाव ठरवले होते. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या खटल्यांत जर्मनीच्या इन्फिनिऑनने २००४ मध्ये १६ कोटी डॉलर, हायनिक्सने २००५ मध्ये १८.५ कोटी डॉलर आणि सॅमसंगने त्याच वर्षी ३० कोटी डॉलर दंड गुन्हा कबूल करून भरला. युरोपीय आयोगाने मे २०१० मध्ये अशाच प्रकरणात एकूण ३३ कोटी १० लाख युरोंहून अधिक दंड लावला. संगनमताची माहिती स्वतःहून आयोगाला दिल्यामुळे मायक्रॉनला त्यात माफी मिळाली. आजच्या भाववाढीमागे तसे संगनमत असल्याचे कोणत्याही यंत्रणेने सिद्ध केलेले नाही आणि टंचाईचे कारण माझ्या मते खरे आहे. परंतु तीनच विक्रेते असलेल्या बाजारात संगनमत न करताही सगळे एकाच वेळी उत्पादन आखडते घेऊ शकतात. २०२२-२३ मध्ये मालाचा पूर आला होता, भाव कोसळले होते, एकट्या मायक्रॉनला २०२३ च्या आर्थिक वर्षात ५०० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि तेव्हा सर्वांनी उत्पादन कमी केले. आपण त्या काळात स्वस्त रॅम घेतली, हेही तितकेच खरे आहे.

नवा चिप कारखाना उभा राहून माल देऊ लागेपर्यंत काही वर्षे जातात. म्हणून दोन-तीन महिने थांबले की भाव उतरेल, या आशेवर कोणी काम अडवून ठेवू नये. आणि भाव आणखी वाढेल या भीतीने गरज नसलेली रॅमही घेऊ नये.

उत्तर : संगणक विक्रेता, नाशिक

वरील अभियंत्यांनी लिहिले आहे, त्याला विक्रेता म्हणून मी दुजोरा देतो. एका दिवसापुरतेच दरपत्रक देण्याची पाळी माझ्यावर यापूर्वी एकदाच आली होती. २०११ च्या अखेरीस थायलंडमधील पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले, तेव्हा. आम्हाला वितरकाकडून सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा भाव येतो. मागील महिन्यात एका शाळेला दिलेल्या शब्दामुळे मी बारा संगणक तोट्यात पुरवले, आणि त्यानंतर मीही दरपत्रकावर मुदत लिहू लागलो.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी घ्यावी. रॅमच्या पाकिटावर आजीवन हमी लिहिलेली असते. माझ्या एका ग्राहकाची रॅम डिसेंबरमध्ये बिघडली, तेव्हा कंपनीने बदली वस्तू शिल्लक नसल्याचे सांगून मूळ बिलाची रक्कम परत देऊ केली. ती रक्कम २,९०० रुपये होती आणि तेवढ्यात आता तीच रॅम कोठेही मिळत नाही. आम्ही लेखी आग्रह धरल्यावर पाच आठवड्यांनी वस्तू मिळाली. बिल जपून ठेवा आणि पैसे परत घेण्यास लगेच होकार देऊ नका.

ताईंना ज्या दुकानदाराने चुकीचे सांगितले, त्याचे मी समर्थन करणार नाही. आमच्याकडे विक्रीला उभी असणारी मुले बहुधा दहा-बारा हजार पगारावरची असतात आणि कोणत्या मॉडेलमध्ये स्लॉट आहे, हे त्यांनाही कोणी शिकवलेले नसते. पण माहीत नसेल, तर माहीत नाही असे सांगणे हे दुकानाचे कर्तव्य आहे. ते शिकवण्याची जबाबदारी मालकाची आहे, माझ्या दुकानात ती माझी आहे.

उत्तर : ग्राहक कार्यकर्ती, ठाणे

ताई, आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळते. दाद निश्चितपणे मागता येते आणि मुदतीच्या दृष्टीने आपण आत्ताच हालचाल करावी.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात वस्तूच्या दर्जाविषयी किंवा उपयुक्ततेविषयी केलेले खोटे अथवा दिशाभूल करणारे विधान येते, आणि ते विधान तोंडी असले तरी चालते, असे कायद्यातच म्हटले आहे. वस्तूची खरी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणूनही याच कायद्यात नोंदलेला आहे. आपण प्रश्न विचारलात, आपल्याला उत्तर मिळाले, त्या उत्तरावर विसंबून आपण ७,५०० रुपयांनी स्वस्त मॉडेल निवडलेत आणि ते उत्तर चुकीचे होते; ही साखळी अगदी स्पष्ट आहे.

अडचण पुराव्याची असते. दुकानाशी झालेला काही लेखी व्यवहार, संदेश, दरपत्रकावरील टीप किंवा दुकानाने पाठवलेली जाहिरात आपल्याकडे आहे का, हे शांतपणे शोधा. जुना मोबाइल विकला असेल, तर मुलीच्या आणि घरातील इतरांच्या मोबाइलवरही पाहा.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. कारण नेमके केव्हा घडले, खरेदीच्या दिवशी की रॅम वाढत नाही हे कळले त्या दिवशी, यावर वाद घालता येतो. परंतु आपली खरेदी जुलै २०२४ ची असल्याने जुलै २०२६ पूर्वी तक्रार दाखल केली, तर तो वाद उद्भवणारच नाही. प्रथम दुकान आणि कंपनी या दोघांना नोंदणीकृत टपालाने लेखी नोटीस द्या आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेथे फोनवर मराठीतही बोलता येते. एवढ्याने प्रश्न सुटला नाही, तर सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असा नियम नाही, आणि दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असते तरी आपण राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे.

मागणी करताना संयम ठेवा, असे अनुभवाने सांगते. नवा लॅपटॉप आणि दोन लाखांची भरपाई मागणाऱ्या तक्रारी लांबतात. १६ जीबीचे तेच किंवा समकक्ष मॉडेल ७,५०० रुपयांचा फरक घेऊन बदलून द्यावे, अथवा वाजवी घट धरून रक्कम परत करावी, अशी मागणी आयोगालाही पटते आणि दुकानालाही तडजोडीला जागा देते.

आपल्या अक्षरजुळणीच्या संगणकाबाबत पुढे कधी तक्रार करण्याची वेळ आली, तर वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली, म्हणून आपण ग्राहकच नाही, असा बचाव केला जाईल. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्या अपवादात बसत नाही. घरून काम करणाऱ्या अनेक स्त्रिया हा बचाव ऐकून माघार घेतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा लढा वजनमापांतील फसवणुकीचा आणि भेसळीचा होता. तराजूतील खोट ग्राहकाला निदान डोळ्यांनी दिसू शकत होती. बंद झाकणाखाली स्लॉट आहे की नाही, हे त्याला दिसत नाही आणि झाकण उघडून पाहिले तर हमी जाईल, असे त्याला सांगितले जाते. त्यामुळे आज माहिती देण्याचे बंधन पूर्वीपेक्षा अधिक कडक असायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : ग्रेनोबल, फ्रान्स

कडक बंधन कसे असू शकते, याचे येथील उदाहरण देतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, मोबाइल, दूरचित्रवाणी संच अशा काही वस्तूंच्या किमतीजवळच दुरुस्तीयोग्यतेचा दहापैकी गुणांक लावणे सक्तीचे झाले. दुरुस्तीची कागदपत्रे मिळतात का, वस्तू सहज उघडते का, सुटे भाग किती वर्षे मिळतील, मूळ किमतीच्या तुलनेत ते केवढ्याला पडतील आणि त्या वस्तूपुरता एखादा विशेष निकष, अशा पाच गोष्टींवरून तो काढतात. मी मागील वर्षी लॅपटॉप घेतला, तेव्हा दोन मॉडेलांच्या किमतीत चाळीस युरोंचा फरक होता, पण गुणांकांत जवळपास दोनचा फरक दिसला, आणि केवळ त्यामुळे मी विक्रेत्याला पुढचे प्रश्न विचारले. गुण कंपनी स्वतःच काढते, ही या पद्धतीतील मोठी उणीव आहे. तरीही ग्राहकाच्या डोळ्यांसमोर काहीतरी लिहिलेले असते.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयीच्या समितीने आपला अहवाल दिला. त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून सुचवली आहे. लॅपटॉपचा समावेश त्यात व्हावा, यासाठी ठाण्याच्या ताईंसारख्या कार्यकर्त्यांनी विभागाला लिहावे, अशी माझी विनंती आहे. ८ जीबीचा सोल्डर केलेला लॅपटॉप ही भारतातील विद्यार्थ्यांची नेहमीची खरेदी आहे.

पुन्हा : अक्षरजुळणी, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती यावे अशी इच्छा होती.

मुलीने स्वतःचा मोबाइल जोडून अॅप चालवायला सुरुवात केली आहे आणि लॅपटॉप आता अडखळत नाही. आभासी यंत्र मात्र ती वेगळ्या वेळी सुरू करते. माझ्या संगणकाची वाढीव सुरक्षा सुधारणांसाठी नोंदणी झाली.

शोधता शोधता यजमानांच्या मोबाइलवर दुकानाचा व्हॉट्सअॅप संदेश सापडला. खरेदीच्या आदल्या दिवशीचा आहे. मॉडेलचे नाव, किंमत आणि त्यापुढे "रॅम १६ पर्यंत वाढवता येईल" असे लिहिलेले आहे. त्याची प्रत जोडून दोघांनाही नोटीस पाठवली. संदेश पाठवणारा मुलगा आता आमच्याकडे नाही, असे दुकानदाराने फोनवर सांगितले. लेखी उत्तर अजून दिलेले नाही. कंपनीचे उत्तर ईमेलने आले आहे. मॉडेलच्या माहितीपत्रकात मेमरी ऑनबोर्ड आहे असे नमूद केलेले असल्याने ग्राहकाची दिशाभूल झालेली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ऑनबोर्ड या शब्दाचा अर्थ वाढवता न येणारी असा होतो, हे मला कसे कळावे? या उत्तरापुढे आपली बाजू टिकते का?

उत्तर : ग्राहक कार्यकर्ती, ठाणे

टिकते, आणि संदेश सापडल्याने दुकानाविरुद्धची बाजू आता चांगलीच भक्कम झाली आहे. तो मुलगा दुकान सोडून गेला, याने काही फरक पडत नाही. त्याने संदेश दुकानाच्या वतीने पाठवला होता. तो मोबाइल विकू नका, संदेश पुसू नका आणि त्याची छापील प्रत आजच काढून ठेवा.

कंपनीबाबत तीन गोष्टी करा. खोक्यावरील छापील मजकुराची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि ऑनबोर्ड हा शब्द त्यावर आहे का, ते पाहा. तो फक्त संकेतस्थळावरील इंग्रजी माहितीपत्रकात असेल, तर दुकानातून खरेदी करणाऱ्या ग्राहकापर्यंत तो पोचला असे म्हणता येणार नाही. दुसरे, पुण्याच्या दादांनी लिहिले आहे, की काही लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली असूनही शिवाय एक स्लॉट असतो. म्हणजे ऑनबोर्ड या शब्दावरून वाढवता येत नाही असा अर्थ निघतच नाही; हे वाक्य आपल्या उत्तरात जसेच्या तसे घाला. तिसरे, झाकण उघडून स्लॉट नसल्याचे आपल्याला सांगितले, त्या दिवसाची सेवा केंद्राची पावती आणि ४२,४८० रुपयांचे अंदाजपत्रक लेखी मागून घ्या. ते तोंडी दिले असेल, तर ईमेल पाठवून मागा. हे कागद हाती आले, की मसुदा मला पाठवा, मी तो वाचून देते. दुकानाच्या नोटिशीची मुदत संपेपर्यंत फोनवर कोणतीही तडजोड मान्य करू नका.